ताण कमी करायचा तर भरतीपासून सुरुवात करा

कर्मचाऱ्यांवरचा ताण कमी करायचा असे ठरले की बहुतेक संस्थांमध्ये पहिली सूचना येते ती योगवर्गाची. मग एखादे व्याख्यान, पावसाळी सहल, २१ जूनचा सामूहिक फोटो. यातले काहीच वाईट नाही. पण ज्या अकाउंटंटवर तीन जणांचे काम येऊन पडले आहे त्याला सकाळी सात वाजता प्राणायामाला बोलावले, तर त्याचा दिवस एका तासाने लांबतो आणि टेबलावरच्या फायली तिथेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, कामाशी निगडित स्थिती असे म्हटले. थकून जाणे, कामापासून मनाने तुटत जाणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. म्हणजे शोध घ्यायचा तो कामाच्या मांडणीचा.

माझ्या मते लहान आणि मध्यम संस्थांमध्ये हा ताण मुख्यतः दोन निर्णयांतून तयार होतो: माणूस घेताना आणि नवे यंत्र किंवा सॉफ्टवेअर आणताना. भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, बुटीबोरी इथले कारखाने, तालुक्याच्या गावची पतसंस्था, चाळीस खाटांचे रुग्णालय, पंचवीस जणांची आयटी कंपनी अशा संस्था चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमच्याकडे वेगळा मनुष्यबळ विभाग नसेल. मालक, अकाउंटंट आणि एखादा जुना सुपरवायझर मिळूनच सगळे ठरवत असाल. त्यात एक मोठी सोय आहे. शनिवारी ठरलेले सोमवारी अमलात आणता येते.

भरतीची सुरुवात बहुधा कोणी राजीनामा दिल्यावर होते, आणि लगेच शोध सुरू होतो तो 'त्याच्या जागी माणूस' मिळवण्याचा. त्याची जागा म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी विचारत नाही. स्टोअरकीपर म्हणून आठ वर्षांपूर्वी आलेल्या माणसाकडे हळूहळू डिस्पॅच आले, मग ट्रान्सपोर्टवाल्यांचा हिशेब आला, मग ई-वे बिल आणि शेवटी मालकांच्या घरचे वीजबिल भरणेही आले. प्रत्येक वेळी काम लहानच होते, म्हणून त्याने हो म्हटले. आता नवा मुलगा 'स्टोअरकीपर' म्हणून येईल आणि पहिल्याच महिन्यात ही सगळी गाठोडी त्याच्या अंगावर पडतील. तो तीन महिन्यांत सोडून गेला की आपण म्हणू, आजकालच्या मुलांना टिकायला नको.

म्हणून जाणाऱ्या माणसाचा नोटीस पिरियड संपण्याआधी त्याच्याकडून एक गोष्ट आवर्जून घ्या. दोन आठवडे रोज संध्याकाळी दहा मिनिटे बसून आज काय काय केले ते त्याने वहीत लिहायचे. किरकोळ वाटणारे कामही लिहायचे. त्या यादीवर तुम्ही दोघे बसा. कोणते काम या जागेचे, कोणते दुसऱ्याकडे द्यायचे, कोणते मुळात करायलाच नको, हे ठरवा. बऱ्याचदा दिसेल की एका माणसाची जाहिरात देऊन भागणार नाही, किंवा उलट, तीन नोंदवह्या बंद केल्या तर आहेत त्याच माणसांत काम सावरते.

जाहिरात खरी द्या. शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी, महिनाअखेरीला किती उशीर होतो, प्रवास आहे का, आणि पगार अमुक ते अमुक. 'आकर्षक वेतन' हे शब्द वाचून कोणाला काही कळत नाही. पगाराचा आकडा लपवला की पुढे दोघांचाही वेळ जातो, आणि बाजूच्या टेबलावरच्या माणसाला त्याच कामाचे चार हजार जास्त मिळतात हे कळले की मनात बसलेली अढी कोणत्याही सहलीने निघत नाही. 'दबावाखाली काम करण्याची तयारी हवी' हे वाक्य लिहिण्याचा मोह झाला तर तिथेच थांबा. तो दबाव कशाचा आहे हे आधी शोधा.

मुलाखतीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे आपण सर्वांत जास्त आपल्या अंदाजावर विसंबतो. 'पाच मिनिटांत माणूस ओळखतो मी' असे अभिमानाने सांगणारे अनेक उद्योजक भेटतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना ठरलेले तेच प्रश्न विचारणे या पद्धती मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी भरवशाच्या ठरल्या. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली. काही पद्धतींचे गुण खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर राहिली.

हे करायला खर्च येत नाही. कामाशी थेट संबंध असलेले पाच प्रश्न आधी लिहून काढा आणि प्रत्येक उमेदवाराला तेच विचारा. 'ग्राहकाने माल परत पाठवला आणि साहेब बाहेरगावी आहेत, तुम्ही काय कराल?' अशा प्रश्नातून माणूस कळतो. 'स्वतःबद्दल सांगा' यातून फक्त पाठांतर कळते. मुलाखत घेणारे दोघे असतील तर एकमेकांशी बोलण्याआधी दोघांनी वेगवेगळे गुण लिहायचे, नाहीतर मालकांनी 'पोरगा बरा वाटतो' म्हटले की सुपरवायझरही तेच म्हणतो. आणि अर्धा-पाऊण तास प्रत्यक्ष काम द्या. अकाउंटंटला वीस व्हाउचर, ज्यात दोन चुका मुद्दाम ठेवलेल्या. ऑपरेटरला ड्रॉइंग, व्हर्नियर आणि एक जॉब. परिचारिकेला ड्यूटी बदलताना द्यायची टिपणी. काम यापेक्षा मोठे द्यायचे असेल तर त्याचे पैसे द्या. उमेदवाराकडून ग्राहकाचे काम चाचणी म्हणून फुकट करून घेणे अन्यायाचे आहे, आणि ही बातमी एमआयडीसीत लगेच पसरते.

काही प्रश्न कायमचे काढून टाका. लग्नाचे काय ठरले आहे, मूल कधी, सासू सांभाळते का, आडनाव कुठले, गाव कुठले. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ती कायम ठेवली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मुलाखतीतच घरच्या जबाबदारीबद्दल माफी मागावी लागलेली बाई पुढे मुलाच्या आजारपणाची रजा मागताना घाबरते, आणि खोटे कारण सांगते. ताणाची पहिली वीट तुम्ही तिथे रचलेली असते.

आपल्याकडे बरीच भरती ओळखीने होते. तिला माझा विरोध नाही. ओळखीतून येणारा माणूस विश्वासाचा असतो, गावातल्या चार मुलांना काम लागते. पण त्यात एक अडचण कायम राहते. मामाच्या शब्दावर लागलेला मुलगा जादा कामाला नाही म्हणू शकत नाही, आणि त्याचे काम चुकले तर सुपरवायझरही मामाकडे पाहून गप्प बसतो. तेव्हा ओळखीने आलेला अर्जही त्याच पाच प्रश्नांतून आणि त्याच व्हाउचरमधून जाऊ द्या. ज्याला घ्यायचे नाही त्यालाही दोन ओळींचा निरोप पाठवा. महिनाभर फोनची वाट पाहत बसवणे हा त्या घरावरचा ताणच आहे.

नेमणूक झाली की पत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांनी नियुक्तिपत्र सर्व कामगारांसाठी बंधनकारक केले. त्यात पद, पगार, कामाचे तास, ओव्हरटाइमचा दर स्पष्ट लिहा. तोंडी ठरलेल्या गोष्टींवर सहा महिन्यांनी होणारी भांडणे एका कागदाने वाचतात.

भरतीत तंत्रज्ञान वापरण्याचा मोह आता लहान संस्थांनाही होतो. एका जाहिरातीला चारशे बायोडेटा येतात, ते वाचायला वेळ नसतो आणि पोर्टलवर चाळणी लावायची सोय असते. इथे अ‍ॅमेझॉनचा अनुभव लक्षात ठेवावा. त्या कंपनीने २०१४ पासून बायोडेटांना गुण देणारी संगणकप्रणाली बनवायला घेतली. मागच्या दहा वर्षांचे अर्ज तिला शिकवले. ते बहुतांश पुरुषांचे होते, म्हणून महिलांच्या संघाचा किंवा क्लबचा नुसता उल्लेख असला तरी ती गुण कमी करू लागली. दुरुस्त्या करून पाहिल्या, भरवसा वाटेना, शेवटी प्रकल्प गुंडाळला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. एवढ्या साधनसंपन्न कंपनीला जे जमले नाही ते आपल्या पोर्टलवरच्या फुकटच्या चाळणीला जमेल असे धरून चालू नका. आयटीआय झालेला मुलगा व्हीएमसी उत्तम चालवत असेल, पण बायोडेटा सायबर कॅफेवाल्याने टाइप केलेला असेल. त्यात चाळणीला हवे ते इंग्रजी शब्द नसतील. तेव्हा यंत्राकडून अर्जांची मांडणी, मुलाखतीच्या वेळा, निरोप एवढे करून घ्या. नाकारण्याचे काम माणसाने करावे, आणि चाळणी लावलीच तर बाजूला पडलेल्या अर्जांपैकी वीस-पंचवीस दर वेळी स्वतः वाचावेत. उमेदवारांचे फोन नंबर, आधार, पत्ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नका, चॅटबॉटमध्ये चिकटवूही नका. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत.

आता कामाच्या जागी येणाऱ्या तंत्रज्ञानाकडे वळू. सॉफ्टवेअर आणले की ताण कमी व्हायला हवा, पण अनेक ठिकाणी उलटे घडते. याचे सर्वांत मोठे कारण दुहेरी नोंद हे आहे. ईआरपी येते, पण रजिस्टर बंद होत नाही. मालकांना स्क्रीनवरच्या आकड्यावर अजून विश्वास नसतो, ऑडिटरला जुना नमुना हवा असतो, सुपरवायझरला वहीच कळते. मग तोच माल तोच माणूस दोनदा नोंदवतो, आणि संध्याकाळी दोन्हींचा ताळमेळ लागला नाही की बोलणीही तोच खातो. दोन महिन्यांसाठी म्हणून सुरू झालेली ही पद्धत दोन वर्षे चालते. नवीन प्रणाली घेताना तुम्ही विक्रेत्याला 'कधी सुरू होईल' असे विचारता. त्याच बैठकीत जुने रजिस्टर कोणत्या तारखेला बंद होणार, हेही लिहून घ्या, आणि ती तारीख मालकाने पाळावी.

खरेदीआधीच्या प्रात्यक्षिकाला ज्याला ते रोज वापरायचे आहे तो माणूस बसलाच पाहिजे. बहुधा मालक आणि त्यांचा पुण्यात शिकलेला मुलगा बसतात. स्टोअरमधल्या माणसाला पहिल्याच पडद्यावर कळले असते की, इथे परत आलेल्या मालाची नोंद करायला जागाच नाही. प्रशिक्षणाचेही तसेच. विक्रेत्याचा तरुण दोन दिवस येतो, इंग्रजीत भराभर दाखवतो, निघून जातो. त्याच्याकडून काम शिकलेल्या एका कर्मचाऱ्याला साध्या मराठीत चार पानांची टिपणी लिहायला सांगा आणि ती टेबलापाशी लावा. त्या चार पानांनी फोन करून विचारणे, विचारताना वाटणारी लाज आणि लपवलेल्या चुका कमी होतात. पन्नाशीच्या माणसांना ही लाज फार सतावते. पंचवीस वर्षे ज्याच्या शब्दाला किंमत होती तो अचानक विशीतल्या मुलाला 'आता कुठलं बटण दाबू' असे विचारतो. त्याला वेगळा वेळ द्या, चारचौघांत शिकवू नका.

वेळेचेही भान ठेवा. हिशेबाच्या दृष्टीने १ एप्रिल ही तारीख सोयीची वाटते, पण मार्चएंडला रात्री दहापर्यंत बसलेली माणसेच एप्रिलमध्ये नवी प्रणाली शिकणार असतात. मालाच्या आणि ग्राहकांच्या याद्या भरण्याचे काम पावसाळ्यात, मंदीच्या आठवड्यांत उरका. आधी स्टोअर सुरू करा, हिशेब शेवटी. आणि बदलाच्या महिन्यात टार्गेट कमी ठेवा. नवे शिकत असताना जुन्याइतकेच उत्पादन मागितले तर माणसे शिकणे सोडून देतात आणि कसेबसे आकडे भरतात.

नवे यंत्र शॉपफ्लोअरवर उतरते तेव्हा प्रत्येक ऑपरेटरच्या मनात एकच प्रश्न असतो आणि तो कोणी विचारत नाही: माझे काय? तुम्ही स्वतःहून उत्तर द्या. कोणाला काढणार नसाल तर तसे लेखी सांगा. जागा कमी होणार असतील तर किती, कधी आणि त्या माणसांना दुसरे कोणते काम शिकवणार, हेही सांगा. वाईट बातमी माणूस पचवतो. कुजबुज मात्र रोज नव्याने झोप उडवते. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले सूत्र आजही व्यवस्थापकांनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे: कामाची मागणी मोठी आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा लहान, अशी जागा माणसाला सर्वांत जास्त झिजवते. सॉफ्टवेअर ही मुभा वाढवू शकते किंवा पार काढून घेऊ शकते. दिवसाचे जॉब कोणत्या क्रमाने घ्यायचे हे ऑपरेटरला ठरवू दिले, शंका आली तर यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला दिला, तर तेच यंत्र त्याचे होते. उलट पाच मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापणारी बायोमेट्रिक हजेरी बसवली, आणि त्या दिवशी लोकल पाण्यात अडकलेली असली, तर माणूस दारातच चिडलेला आत येतो. सवलतीची मिनिटे ठेवा. कॅमेरा, लोकेशन, लॉग-इन यांतून काय टिपले जाते आणि ते कोण पाहते, हे माणसांना मोकळेपणाने सांगा.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. माझ्या समजुतीप्रमाणे आज लहान संस्थांमध्ये याच्याइतका ताण दुसरे कुठलेच तंत्रज्ञान देत नाही. रात्री अकराला मालकांना काहीतरी आठवते आणि ते ग्रुपवर टाकतात. उत्तराची अपेक्षा त्यांना बहुधा सकाळचीच असते. पण वाचणाऱ्याला ते माहीत नसते. फोक्सवॅगनने जर्मनीत २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार करून काही कर्मचाऱ्यांच्या कंपनीच्या फोनवर शिफ्ट संपल्यानंतर अर्ध्या तासाने ईमेल पाठवणेच बंद केले होते. फ्रान्समध्ये २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले होते. तुम्हाला कायद्याची वाट पाहायला नको. रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचे नाही, खरी निकड असेल तर थेट फोन, आणि असा फोन घेण्याची पाळी आठवड्याला एकाची, त्याबद्दल त्याला बदली सुट्टी. हा नियम पहिल्यांदा मालकाने पाळावा लागतो. सुचले ते वहीत लिहा, सकाळी पाठवा.

तासांचा विषय टाळता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार मृत्यू अशा लांब तासांशी निगडित होते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांसाठी रोजची मर्यादा नऊवरून दहा तास आणि कारखान्यांसाठी बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. नियमाने मुभा मिळाली म्हणून शरीराची मर्यादा बदलत नाही. दर महिन्याला तीच चार नावे ओव्हरटाइमच्या यादीत वर येत असतील तर तिथे एक माणूस कमी आहे असे समजा.

एखादा कर्मचारी खरोखर खचला आहे असे दिसले, म्हणजे नेहमी नीटनेटका असणारा चुका करू लागला, डबा खायला सगळ्यांत बसेनासा झाला, सुट्ट्या वाढल्या, तर त्याच्याशी एकांतात बोला. निदान करू नका, उपदेश करू नका. काम थोडे हलके करून देता येते का ते पाहा आणि जाणकारांकडे जायला वेळ द्या. सरकारची 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच'सारख्या मानसिक आरोग्याच्या संस्था मराठी घरांना परिचित आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच संरक्षण द्यायचे आहे. तुमच्या ग्रुप पॉलिसीत ते आहे का, एजंटाला आजच विचारा. आणि जे कळले ते तुमच्यापाशीच राहू द्या. कँटीनमध्ये त्याची चर्चा झाली तर पुढचा माणूस कधीच बोलणार नाही.

एवढा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर तुमच्याच वहीत आहे. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या एका माणसाचा हिशेब मांडा: जागा रिकामी होती ते दिवस, त्या काळात दिलेला ओव्हरटाइम, नव्याच्या हातून रिजेक्ट झालेला माल, त्याला शिकवण्यात गेलेले सुपरवायझरचे तास, पुन्हा दिलेली जाहिरात. आकडा पाहिल्यावर मुलाखतीचा अर्धा दिवस महाग वाटणार नाही.

पुढची जाहिरात देण्याआधी एक काम करा. गेल्या वर्ष-दोन वर्षांत तुमच्याकडून गेलेल्या दोन-तीन माणसांना फोन करा. परत बोलावण्यासाठी करू नका, फक्त विचारा की, इथले कोणते काम, कोणती पद्धत, कोणता माणूस सोसवेना झाला होता. ते बोलतील तेव्हा वाद घालू नका, सफाई देऊ नका. सगळे लिहून घ्या, आणि त्यातली एक गोष्ट या महिन्यातच बदला.